एल्विन सायमन्स आणि नरवानरांचे जीवाश्म: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्क्रांतीवर चार लोकांत बोलणं सुरू झालं की रामापिथेकस या जुन्या जीवाश्माचा विषय निघतोच आणि त्यापाठोपाठ एल्विन सायमन्स यांचं नाव येतं. 'रामापिथेकसला माणसाचा पूर्वज म्हणाले आणि पुढे ते चुकीचं ठरलं' एवढ्या एका ओळीत त्यांची ओळख संपवली जाते. पन्नासहून अधिक वर्षांच्या कामावर हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं. त्यांनी मांडलेल्या वंशावळी बदलल्या, पण जमिनीतून काढून नीट नोंदवून ठेवलेली त्यांची हाडं अजून कामाला येत आहेत. पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांच्या निमित्ताने त्या कामाबद्दल सविस्तर लिहितो आहे.

एल्विन सायमन्स कोण होते?

अमेरिकन पुराजीवशास्त्रज्ञ. जन्म १४ जुलै १९३०, कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स इथला; निधन ६ मार्च २०१६ रोजी. राइस विद्यापीठातून पदवी, १९५६ मध्ये प्रिन्स्टनची पीएच.डी. आणि १९५९ मध्ये ऑक्सफर्डची दुसरी डॉक्टरेट. प्रिन्स्टनला ते पॅन्टोडॉन्ट नावाच्या नामशेष, जाडजूड शाकाहारी सस्तन प्राण्यांवर काम करत होते. ऑक्सफर्डला त्यांना मार्गदर्शक लाभले ते विल्फ्रिड ल ग्रो क्लार्क. माणसाचा पूर्वज म्हणून खपवलेल्या पिल्टडाउनच्या बनावट कवटीचं बिंग १९५३ मध्ये फोडणाऱ्या तिघांपैकी हे एक. हाड हातात घेतल्यावर आधी त्याची रचना तपासायची, सिद्धान्त नंतर, ही शिस्त तिथली.

१९६० मध्ये सायमन्स येल विद्यापीठात आले आणि १९७७ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठात गेले. नरवानरांच्या जीवाश्मांचा अभ्यास ही स्वतंत्र ज्ञानशाखा म्हणून उभी राहिली, त्यात त्यांचा वाटा सर्वांत मोठा मानला जातो.

नरवानर गणात कोणकोण येतं?

लेमूर, लोरिस, टार्सियर, सगळी माकडं, गिबन, ओरँगउटान, गोरिला, चिंपँझी आणि माणूस. खाली 'कपी' हा शब्द गिबनपासून माणसापर्यंतच्या शेपटी नसलेल्या गटासाठी वापरला आहे, आणि माकडं व कपी मिळून 'उच्च नरवानर'.

माणूस माकडापासून झाला, हेच ते सांगत होते का?

नाही. आजची माकडं आणि आपण एकाच जुन्या पूर्वजाच्या वेगवेगळ्या शाखा आहोत. तो पूर्वज दिसायला कसा होता, त्याचे दात कसे होते, तो कुठे राहत होता, हे शोधण्यात सायमन्स यांचं आयुष्य गेलं.

मग इजिप्तच का? आणि तेही वाळवंटात?

कैरोच्या नैऋत्येला फायूमचा खोलगट प्रदेश आहे. त्याच्या उत्तर कडेला जेबेल कत्रानी नावाचे थर उघडे पडलेले दिसतात. आज तिथे गवताची काडी नाही. पण साधारण ३ कोटी ते ३ कोटी ७० लाख वर्षांपूर्वी तिथे संथ नद्या होत्या, दलदल होती, दाट झाडी होती आणि समुद्रकिनारा जवळ होता. दगड झालेले झाडांचे ओंडके अजून तिथे पडलेले आहेत. हत्तींचे आद्य नातलग आणि नाकावर दोन भलीमोठी शिंगं असलेला आर्सिनॉइथेरियम याच थरांतले.

त्या काळातले जमिनीवरचे प्राणी जपून ठेवणारे थर आफ्रिकेत फार थोडे आहेत. उच्च नरवानर आफ्रिकेत कसे पसरले हे पाहायचं तर फायूमला पर्याय जवळजवळ नाही. हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच कळायला हवं होतं. रिखार्ड मार्कग्राफ या संग्राहकाला तिथे नरवानरांचे जबडे सापडले होते आणि १९१०-११ मध्ये माक्स श्लोसर यांनी त्यांना पॅरापिथेकस, प्रोप्लिओपिथेकस अशी नावंही दिली होती. त्यानंतर सुमारे अर्धशतक तिकडे कुणी गांभीर्याने फिरकलं नाही. सायमन्स यांनी १९६१ मध्ये मोहीम नेली ती याच दुर्लक्षित जागी. १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धामुळे काम थांबलं, ते थेट १९७७ मध्ये पुन्हा सुरू झालं आणि पुढे कित्येक वर्षं चाललं. दहा वर्षं बंद पडलेलं ठिकाण पुन्हा धरायचं, ही चिकाटी मला त्यांच्या कुठल्याही एका शोधाहून मोठी वाटते.

वाळवंटात एवढीशी हाडं सापडतात कशी?

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न, कारण उत्तर फार साधं आणि फार हुशारीचं आहे.

फायूमच्या वाळवंटात जमिनीवर बारीक खड्यांचा एक कठीण थर असतो. वारा बारीक वाळू उडवून नेतो, जड खडे मागे राहतात आणि हळूहळू सगळी जमीन झाकून टाकतात. एकदा खडे बसले की वाऱ्याचं खालच्या मऊ थरावर काही चालत नाही. सायमन्स यांच्या चमूने चक्क झाडू घेतले. खाणीच्या जागेवरचे खडे झाडून बाजूला केले आणि पुढचं काम वाऱ्यावर सोपवलं. पुढच्या हंगामात येईपर्यंत वाऱ्याने वरची वाळू नेलेली असे आणि आतली हाडं डोकं वर काढत. मग माणसं गुडघ्यांवर बसून, हातांवर रांगत, इंच इंच जमीन पाहत. कुदळ मारली असती तर या हाडांचा चुरा झाला असता. वारा मात्र हाड न मोडता त्याच्या भोवतालची माती काढून नेतो. दिसलेलं हाड लगेच उचलायचंही नाही. ते इतकं ठिसूळ असतं की आधी त्यात पातळ गोंद मुरू द्यायचा, तो सुकल्यावर ते सोडवायचं.

सगळीकडे ही युक्ती चालत नाही. एल-४१ या खाणीत हाडं मिठाने भरलेल्या चिकणमातीत आहेत. तिथे मातीचे तुकडे काढून काळजीपूर्वक फोडावे लागतात आणि बहुतेक कवट्या वरच्या वजनाने चपटलेल्या निघतात. तरीही याच खाणीने सर्वांत जुन्या उच्च नरवानरांपैकी काहींचे चेहरे दाखवले.

वय कसं ठरवतात?

हाडाचं वय थेट मोजता येत नाही, थराचं मोजतात. फायूममध्ये सर्वांत वर ज्वालामुखीचा बेसॉल्ट आहे, त्याचं वय किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या क्षयावरून काढता येतं. म्हणजे खालचं सगळं त्याहून जुनं. मधल्या थरांसाठी पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांची अदलाबदल उपयोगी पडते. खडक तयार होताना ती दिशा त्यात गोठून राहते आणि या अदलाबदलींचं जगभरचं वेळापत्रक माहीत आहे.

इजिप्टोपिथेकस इतका महत्त्वाचा का?

सायमन्स यांनी १९६५ मध्ये इजिप्टोपिथेकस झ्यूक्सिस हे नाव दिलं. पुढच्याच वर्षी त्याची जवळजवळ पूर्ण कवटी मिळाली. इतक्या जुन्या उच्च नरवानराची अशी कवटी तोवर कुणाच्या हाती आली नव्हती. प्राणी सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीचा, वजन ६-७ किलोच्या आसपास, झाडावर चार पायांनी हिंडणारा.

कवटी जवळून पाहिली तर दोन गोष्टी ठळक दिसतात. पहिली डोळ्याची. लेमूरच्या डोळ्याबाहेर हाडाचं नुसतं एक कडं असतं, मागची बाजू मोकळी. माकडं, कपी आणि माणूस यांच्या डोळ्यामागे हाडाची भिंत असते, त्यामुळे खोबण वाटीसारखी बंद होते. इजिप्टोपिथेकसची खोबण बंद आहे. दुसरी गोष्ट दातांची. आपल्या तोंडात प्रत्येक बाजूला वर-खाली दोन-दोन उपदाढा असतात. दक्षिण अमेरिकेतल्या माकडांना तीन असतात. इजिप्टोपिथेकसला दोन. म्हणजे आफ्रिका-आशियातली माकडं, कपी आणि आपण ज्या शाखेवर आहोत, तिच्याच बुंध्याजवळचा हा प्राणी.

पण लगेच कान पाहा. आपल्याला आणि आफ्रिका-आशियातल्या माकडांना कानात हाडाची नळी असते. इजिप्टोपिथेकसला ती नाही, फक्त कडं आहे, दक्षिण अमेरिकेतल्या माकडांसारखं. एकाच कवटीत काही अवयव पुढे गेलेले, काही मागे राहिलेले. उत्क्रांती सगळं शरीर एकदम बदलत नाही, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारे जीवाश्म फार नाहीत.

आणखी एक गोष्ट. नरांचे सुळे माद्यांपेक्षा बरेच मोठे होते. आजच्या नरवानरांत असा फरक दिसतो तो बहुधा गटाने राहणाऱ्या आणि माद्यांसाठी झगडणाऱ्या नरांत. १९८० मध्ये सायमन्स आणि सहकाऱ्यांनी यावरून तीन कोटी वर्षांपूर्वीच्या सामाजिक जीवनाबद्दल अनुमान मांडलं. दाताच्या लांबीवरून कळपाची रचना वाचणं हे धाडस आहे, पण ते एकाच खाणीतले पुरेसे नमुने जमवले असतील तरच करता येतं.

तो माणसाचा पहिला कपी-पूर्वज होता, असं कुठेतरी वाचलं. खरं का?

सायमन्स यांनी सुरुवातीला त्याला कपींतच धरलं होतं. आज बहुतेक अभ्यासक त्याला माकडं आणि कपी वेगळे होण्याच्या आधीचा मानतात. २००७ मध्ये सायमन्स आणि सहकाऱ्यांनी एका मादीची कवटी प्रसिद्ध केली. तिच्या सूक्ष्म सीटी स्कॅनवरून मेंदू अपेक्षेपेक्षाही लहान निघाला. म्हणजे डोळे आणि दात बदलले तेव्हा मोठा मेंदू आलेला नव्हता. त्या वेळी सायमन्स ७६ वर्षांचे होते आणि स्वतःच्या जुन्या चित्रात मोठा बदल करणाऱ्या पुराव्यावर त्यांचंच पहिलं नाव आहे.

फायूममधले इतर महत्त्वाचे प्राणी कोणते?

१९८९ मध्ये नाव दिलेला कॅटोपिथेकस ब्राउनी, एल-४१ खाणीतला, सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांचा. डोळ्याची खोबण बंद, उपदाढा दोन, पण खालच्या जबड्याचे दोन भाग हनुवटीपाशी अजून जुळलेले नाहीत. याच काळातले प्रोटिओपिथेकस आणि अर्सिनोइआ. त्याहून जुना बिरेटिया, सुमारे ३ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा. त्यावरचा शोधनिबंध २००५ चा.

रामापिथेकसचं नेमकं काय झालं?

१९३२ मध्ये जी. एडवर्ड लुईस या येलच्या तरुण संशोधकाला शिवालिक टेकड्यांत, आजच्या हिमाचल प्रदेशातल्या हरितल्यांगरजवळ, वरच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला. त्यांनी त्याला रामापिथेकस हे नाव दिलं. तो येलच्या पीबडी संग्रहालयात पडून होता. सायमन्स येलला आल्यावर त्यांनी तो पुन्हा तपासला आणि १९६१ मध्ये मांडलं की हा माणसाच्या शाखेवरचा प्राणी असावा. आखूड चेहरा, लहान सुळा, दाढांवर जाड लुकण (दाताचं कठीण आवरण, इनॅमल) आणि कमानीसारखा वळणारा जबडा ही त्यांची कारणं. कपींच्या जबड्यात दोन्ही बाजूंच्या दाढांच्या रांगा जवळजवळ समांतर असतात. माणसाची कमान मागे रुंदावत जाते. डेव्हिड पिलबीम या त्यांच्या विद्यार्थ्यानेही साठच्या दशकात हीच बाजू मांडली आणि माणसाची शाखा सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वीच वेगळी झाली, हे मत सर्वमान्य झालं.

अडचण तुकड्यातच होती. जबड्याची मधली रेषा त्यात शिल्लक नव्हती. एका बाजूवरून दुसरी बाजू कल्पनेने जोडायची, तर कोन थोडा बदलला की कमान बदलते.

पहिला धक्का प्रयोगशाळेतून आला. १९६७ मध्ये व्हिन्सेंट सारिच आणि ॲलन विल्सन यांनी रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनांची तुलना करून दाखवलं की माणूस आणि आफ्रिकी कपी अवघ्या ५० लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले असावेत. हाडं अभ्यासणाऱ्यांनी ते बरीच वर्षं मानलं नाही, आणि त्यांत सायमन्स पुढे होते. मग पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर पिलबीम यांच्या चमूला जास्त पूर्ण जबडे मिळाले; कमान माणसासारखी नव्हती. १९८० मध्ये तिथेच सिवापिथेकस या जीवाश्म कपीचा चेहरा सापडला आणि १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. डोळ्यांमधली जागा चिंचोळी, खोबणी उंच लंबगोल, नाकाचा तळ टाळूला सलग मिळालेला. हा चेहरा ओरँगउटानच्या वळणाचा होता. रामापिथेकस सिवापिथेकसमध्येच मोडतो, हेही स्पष्ट झालं.

ही हार मोठी होती यात शंका नाही. पण वाद मिटवला तो शिवालिकच्या त्याच थरांत पुन्हा पुन्हा केलेल्या शोधाने, आणि तो करणारे मुख्य अभ्यासक सायमन्स यांचेच विद्यार्थी होते.

पाठ्यपुस्तकात अजून रामापिथेकस आहे. परीक्षेत काय लिहायचं?

आपल्याकडच्या अनेक पुस्तकांत तो माणसासारखा प्राणी म्हणून अजून येतो. परीक्षेत पुस्तकाप्रमाणे लिहा, पण हे नाव आता स्वतंत्र प्रजाती म्हणून वापरात नाही हे लक्षात ठेवा. सिवापिथेकस हे नाव १९१० मधलं, म्हणजे आधीचं. नामकरणाच्या नियमाप्रमाणे तेच टिकतं.

त्यांनी भारतात स्वतः काम केलं का?

हो. १९६८ च्या सुमारास पंजाब विद्यापीठातले एस. आर. के. चोप्रा यांच्याबरोबर. हरितल्यांगर भागातला एका अवाढव्य कपीचा खालचा जबडा या दोघांनी १९६९ मध्ये जायगँटोपिथेकस बिलासपुरेन्सिस या नावाने प्रसिद्ध केला. तोवर या नावाचा प्राणी चीनमधूनच माहीत होता. आज भारतातल्या कपीला बरेच जण इंडोपिथेकस या वेगळ्या नावाने ओळखतात. शिवालिकचं महत्त्व मात्र ओसरलेलं नाही. जम्मूतल्या रामनगरला २०१५ मध्ये मिळालेल्या एका दाढेवरून २०२० मध्ये कपि रामनगरेन्सिस हा सुमारे १ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीचा गिबनचा नातलग जाहीर झाला.

जीवाश्मांचा माणूस जिवंत लेमूर कशाला सांभाळत होता?

१९७७ ते १९९१ सायमन्स ड्यूकच्या प्रायमेट सेंटरचे संचालक होते. आता ते ड्यूक लेमूर सेंटर म्हणून ओळखलं जातं. त्यांच्या लेखी हे दोन धंदे नव्हतेच. मांडीचं हाड एका विशिष्ट प्रकारे वाकलेलं असेल तर तो प्राणी उड्या मारत होता की लोंबकळत होता, हे ठरवायला उड्या मारणारा आणि लोंबकळणारा प्राणी समोर असावा लागतो. रात्री हिंडणाऱ्याचे डोळे किती मोठे, पानं खाणाऱ्याच्या दाढांवरच्या कडा किती धारदार, हे दगडाला विचारून कळत नाही.

त्यातून मादागास्करशी त्यांचं नातं जुळलं. सोनेरी मुकुट असल्यासारख्या डोक्याचा एक सिफाका (लेमूरचा एक प्रकार) इयान टॅटरसॉल यांनी १९७४ मध्ये बेटाच्या ईशान्येला पाहिला होता, पण तो नवा आहे की नाही हे ठरलं नव्हतं. सायमन्स यांनी १९८८ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि प्रोपिथेकस टॅटरसॉली हे नाव देऊन पहिल्यांदा पाहणाऱ्याचा मान राखला. टॅटरसॉल हेही येलमधले त्यांचेच विद्यार्थी. १९९२ मध्ये सेंटरमध्ये अय-अय या लेमूरचं पिल्लू जन्मलं. पश्चिम गोलार्धात बंदिवासातला असा तो पहिलाच जन्म. १९९७ पासून अमेरिकेत जन्मलेले काळे-पांढरे रफ्ड लेमूर मादागास्करच्या बेताम्पोना अभयारण्यात सोडण्याचा प्रयत्नही झाला.

बेटाच्या उत्तरेकडच्या अंकाराना गुहांमध्ये त्यांच्या चमूने नामशेष लेमूर शोधले. १९९० मध्ये जाहीर झालेला बाबाकोटिया त्यातलाच, फांदीला उलटा लटकणारा. त्याचा एक नातलग आर्किओइंड्रिस तर गोरिलाएवढा होता. हे महाकाय लेमूर माणूस बेटावर पोचल्यानंतरच्या काळात संपले. म्हणूनच जिवंत लेमूर वाचवण्याचं काम त्यांना आपल्या संशोधनाचाच भाग वाटत असणार, असं मी समजतो.

व्हेलशी त्यांचा काय संबंध?

फायूमच्याच बाजूला वादी अल-हितान हे प्राचीन व्हेलचं ठिकाण आहे. १९९० मध्ये फिलिप जिंजरिच, बी. हॉली स्मिथ आणि सायमन्स यांनी बॅसिलोसॉरस या व्हेलचे मागचे पाय प्रसिद्ध केले: छोटे, पण गुडघा आणि बोटांसकट.

उच्च नरवानर आफ्रिकेतच जन्मले, हे त्यांचं मत आज टिकून आहे का?

जसंच्या तसं नाही. १९९४ मध्ये चीनमधून इओसिमिअस हा चिमुकला प्राणी जाहीर झाला आणि म्यानमारमधूनही पुरावे आले. आज उच्च नरवानरांची मुळं आशियात असावीत असं मानणाऱ्यांची बाजू जड आहे. पण डोळ्याची खोबण बंद झालेल्या, पूर्ण कवटीसह माहीत असलेल्या सुरुवातीच्या प्राण्यांसाठी फायूमकडेच यावं लागतं.

या क्षेत्रात यायचं तर काय शिकावं?

भूशास्त्र आणि शरीररचनाशास्त्र, दोन्ही. एकच येत असेल तर दुसरं शिकण्याची तयारी ठेवा. आणि आधी कुठल्याही संग्रहालयात बसून आजच्या प्राण्यांचे दात पाहायला लागा. रानात हाती येतात त्यातले बहुतेक नमुने म्हणजे सुटे दात असतात. दाढेवरचे उंचवटे वाचता आले नाहीत तर सापडलेलं काय आहे तेच कळत नाही.

त्यांच्यानंतर हे काम कोण करतंय?

ड्यूकमधून घडलेले एरिक सायफर्ट यांच्यासारखे अभ्यासक फायूमवर काम करत आहेत. इजिप्तमध्ये हिशाम सल्लाम यांनी मन्सूरा विद्यापीठात पृष्ठवंशी जीवाश्मांचं केंद्र उभारलं आहे. ज्या देशाची हाडं शंभर वर्षं परक्या संग्रहालयांत जात होती, तिथलेच विद्यार्थी आता स्वतःच्या वाळवंटात मोहिमा काढतात याचा मला फार आनंद आहे.

आणि २०२० मधली एक गोष्ट सांगायलाच हवी. पेरूमध्ये, ॲमेझॉनच्या खोऱ्यात, सांता रोसा इथे चार छोटे दात सापडले. सायफर्ट आणि सहकाऱ्यांनी त्या प्राण्याला उकायालीपिथेकस हे नाव दिलं. तो पॅरापिथेकस कुळातला निघाला, म्हणजे तोवर केवळ आफ्रिकेतच माहीत असलेल्या कुळातला. समुद्र तेव्हा आजच्याइतका रुंद नसला तरी मध्ये होताच. वाहून जाणाऱ्या झाडाझुडपांच्या तराफ्यावर बसून ही माकडं पलीकडे गेली असावीत. दक्षिण अमेरिकेत आज असलेल्या माकडांचे पूर्वज वेगळे, म्हणजे असा प्रवास एकदा नव्हे, निदान दोनदा झाला. ते चार दात कुणाचे हे ठरवताना शेजारी ठेवून ताडायला फायूमचे दात होते, १९६१ पासून हंगामामागून हंगाम गोळा केलेले.